उलटी विहीर

संध्याकाळचे सात वाजले की
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून
पाच लिटर पाणी खाली जातं.

आधी दोरी थरथरते.
मग वेताची परडी, परडीत बाटली,
बाटलीत उलटी झालेली ग्ल्दानीची सगळी वस्ती:
सोळा मजली इमारती, वाळत घातलेल्या चादरी,
आणि मी, हातात अर्धवट सोललेला बटाटा.

त्सिआला सातव्या मजल्यावर, मी चौथ्या.
विहिरीत पोहरा रिकामा उतरतो, भरून वर येतो.
हिचा भरलेला उतरतो, रिकामा येतो,
आणि तळाशी पाणी नाही,
एक चिनार आहे.

चिनार कसला, अजून काठीच.
नगरपालिकेने फीत कापून तीन लावले होते,
दोन पहिल्याच उन्हाळ्यात गेले.
तिसऱ्याला पत्र्याचा बिल्ला: ४१७.
त्सिआला त्याला आकड्याने बोलावत नाही,
नावही ठेवलेलं नाही.
"ए," म्हणते. "ए, पी."

गेल्या वर्षापर्यंत ती स्वतः उतरायची.
आमची लिफ्ट नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही,
म्हणजे दर पाण्याला जाताना दहा तेत्री, येताना दहा.
पेन्शनच्या दिवशी बेकरीतून मोड आणायची,
पावापेक्षा जपून.
मग जानेवारीत बर्फावर घसरली. खुबा मोडला.

आता खाली ओतार आणि नुगझार असतात,
दिवसभर डोमिनोच्या सोंगट्या आपटत.
परडी टेकली की ओतार उठतो,
एकेका गुडघ्याची समजूत घालत,
आणि वरून आवाज कोसळतो:
"बुंध्याशी नाही रे गाढवा! आळ्याच्या कडेने! कडेने!"
छत्तीस वर्षं ट्रॉलीबस हाकलेला माणूस
कडेने पाणी घालतो.

एकदा नुगझारने ग्लासातली वाइन
मेलेल्या भावाच्या नावाने आळ्यात ओतली.
"मेलेल्यांना तहान लागत नाही, नुगझार.
त्याला लागते."
दोन दिवस नुगझार बाकावर फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, बादली घेऊन.

जुलैत गेलाच्या नव्या गाडीने आळ्यात चाक घातलं.
झाड कुठंय, म्हणाला, काठीच तर आहे.
सकाळी डोमिनोचं टेबल
बरोब्बर त्या चाकाच्या जागी होतं,
पाय सिमेंटात रोवलेले, सिमेंट अजून ओलं.
कोणी कोणाला काही विचारलं नाही.

आणि मग ऑगस्टातला तो मंगळवार.
परडी उतरली ती माझ्या खिडकीशी अडली.
बाटली रिकामी. गळ्यात चिठ्ठी, विजेच्या बिलाच्या पाठीवर:
"कालपासून सहाव्याच्या वर पाणी चढत नाही.
तुझ्याकडे आहे?"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
इथे पोहराच
आड शोधत आला होता.

अकरा वर्षं झाली मला या घरात.
त्या बागेत कधी बसलो नाही.
माझ्यासाठी ती बसस्टॉपकडे जायची तिरकी वाट,
पावसात चिखल, एरवी धूळ.
नळ सोडला.
एक बाटली भरायला एवढा वेळ लागतो
हे मला ठाऊक नव्हतं.
परडीत ठेवली, दोरीला दोन हिसके दिले.
खाली ओतारने टोपी मागे सारून वर पाहिलं,
सातव्याकडे नाही,
चौथ्याकडे.

परतताना परडी हळू गेली.
तळाशी एक पान होतं,
तळहाताएवढं, पाच बोटांचं, कडा करपलेल्या.
ठेवलं कोणी की पडलं आपसूक, कळलं नाही.
मी थोडा वेळ खिडकीशी उभा राहिलो,
दोरी नुसती हलत होती.

मग वरून:
"उद्या दोन बाटल्या!
आणि ऐक,
ते बटाटे धुतलेलं पाणी फेकू नकोस."